डावा फाटा बंद

बसा. वारंगा फाट्यावर गाडीची वाट बघणं कुणाला चुकत नाही. नांदेडहून अर्धापूर, डोंगरकडा करत आलेला रस्ता इथं दुभंगतो. डावीकडे आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली आणि पुढे वाशीम-अकोला. उजवीकडे हदगाव, उमरखेड, महागाव, यवतमाळ आणि पार नागपूर. ट्रक, एसटी, उसाचे ट्रॅक्टर सगळे क्षणभर मंदावतात आणि आपापल्या बाजूला लागतात. तुम्हाला मात्र उलट, नांदेडकडे जायचंय. गाडी यायला वेळ आहे. तो वेळ आज फोनवर घालवायचा नाही.

तुमच्या पिशवीत एक कागद आहे असं धरून चालू. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी म्हणा, शुगर तपासायला गेलात तेव्हा म्हणा, गावाकडच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. गुलाबी चौकटींच्या त्या पट्टीवर यंत्रानंच वरच्या कोपऱ्यात छापलं: लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक. डॉक्टर म्हणाले, "एकदा नांदेडला दाखवून घ्या, काका." घरी पोचायच्या आत पोराच्या फोनवरून बातमी पसरली की बाबांना ब्लॉक निघाला. रात्रीपर्यंत पाव्हण्यांचे फोन. कुणाच्या मेव्हण्याला दोन स्प्रिंगा टाकल्या, कुणाच्या चुलत्याचं बायपास झालं. झोप काही लागली नाही.

तो कागद तूर्त पिशवीतच राहू द्या.

एक अट मात्र आधी. आत्ता या क्षणी छातीवर ओझं ठेवल्यासारखं होत असेल, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात उतरत असेल, घाम सुटला असेल, तर हे वाचणं इथंच सोडा आणि १०८ ला फोन लावा. छातीत दुखत असताना नव्यानं निघालेला असा ब्लॉक ही तातडीची गोष्ट असते. तसं काही नसेल, तर पुढे चला.

डावा हात मांडीवर सैल ठेवा, तळवा वर. उजव्या हाताची मधली तीन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी टेकवा. अंगठ्यानं नाडी बघू नका, त्याचे स्वतःचे ठोके मध्ये येतात. दाबू नका. ठोका बोटाखाली आपण होऊन येऊ द्या.

आला?

मोजू नका. दिवसाला एक लाखाच्या वर ठोके पडतात, मोजून कुणाचं भागत नाही. नुसतं लक्ष ठेवा. श्वास आत घ्या, अगदी सावकाश. आता त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित लगबगीनं येतात आणि सोडताना थोडे लांबतात, असं जाणवतं का बघा. तरुणांमध्ये हे चांगलं कळतं, वय वाढलं की अस्पष्ट होतं. जाणवलं नाही तरी काही बिघडलेलं नाही.

बोटाखाली आलेला ठोका हा प्रवासाचा शेवट आहे. तो निघाला कुठून, तिकडे जाऊ.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, वरची मोठी शीर जिथं येऊन मिळते तिथं, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. विजेचा इशारा तिथं आपला आपण उठतो. मेंदूची आज्ञा लागत नाही. मेंदू फार तर वेग कमी-जास्त करतो. ही जागा शोधली गेली इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या घरात. आर्थर कीथ यांच्याकडे आलेला मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीचा विद्यार्थी मोल नावाच्या एका बिळकरी प्राण्याचं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता, तेव्हा त्याला ती दिसली. दोघांनी १९०७ साली ती जगापुढे मांडली. तोवर माणसाला आपला ठोका कुठून सुरू होतो हे माहीत नव्हतं. नाडीपरीक्षा हजारो वर्षांची, आणि उगमाचा पत्ता शंभर-सव्वाशे वर्षांचा.

इशारा निघाला. दोन्ही वरचे कप्पे आकसले, रक्त खाली ढकललं गेलं. आणि आता इशारा थांबतो.

इथं तुम्हीही थांबा.

वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये दुसरा एक पुंजका आहे. त्याचा छडा सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरनं जर्मनीतल्या मारबुर्गला राहून लावला, १९०६ साली. इशारा या पुंजक्यात शिरला की अगदी मंद होतो. सेकंदाचा साधारण दहावा भाग तो इथं काढतो. एवढ्या वेळात वरच्या कप्प्यांतलं रक्त खाली उतरून खालचे कप्पे भरतात. ही थांबण्याची जागा नसती तर वरचे-खालचे कप्पे एकदमच आकसले असते आणि रक्त नीट पुढे गेलं नसतं. आपण जगतो ते ठोक्यांवर हे खरं, पण प्रत्येक ठोक्याच्या पोटात असलेल्या या उशिरावरही जगतो. बोटाखालचा पुढचा ठोका येईल तेव्हा एवढं आठवा की तो वाटेत थांबून आलाय.

मग इशारा एका जाड दोरीत शिरतो. विल्हेल्म हिस यांनी १८९३ साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती हिसची जुडी. आणि दोन खालच्या कप्प्यांच्या मधल्या पडद्यावर ही जुडी दुभंगते. एक फाटा उजव्या कप्प्याकडे, एक डाव्याकडे. तुम्ही बसलात त्याच जागेसारखी जागा. दोन्ही फाट्यांना पुढे बारीक उपवाटा फुटतात आणि स्नायूच्या कानाकोपऱ्यात जातात. या वाटांवर इशारा सेकंदाला दोन ते चार मीटर वेगानं पळतो. म्हणून उजवा आणि डावा कप्पा जवळजवळ एकाच वेळी आकसतात. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उरकतं.

आता कल्पना करा की हिंगोलीकडचा रस्ता बंद आहे. गाड्या थांबत नाहीत. त्या उजवीकडे हदगावच्या रस्त्याला लागतात आणि तिथून शेताशेतांच्या पांदणींनी वळसा घेत डाव्या बाजूच्या गावांना पोचतात. सगळ्या पोचतात, पण उशिरा, आणि भलत्या बाजूनं. तुमच्या कागदावर छापलंय ते एवढंच. डावा फाटा इशारा नेत नाही. उजव्या फाट्यानं आलेला इशारा स्नायूतून पेशी-पेशीनं सरकत डाव्या कप्प्यात जातो, आणि स्नायूतून त्याचा वेग सेकंदाला मीटरभरही भरत नाही. ईसीजीच्या पट्टीवर खालच्या कप्प्यांची खूण म्हणून रुंद दिसते. तीन बारीक चौकोन किंवा त्याहून जास्त, म्हणजे सेकंदाचे बारा शतांश आणि पुढे. उजवा फाटा बंद असेल तर गोष्ट बरीच सौम्य असते. निरोगी माणसांतही तो सापडतो आणि बहुतेकदा त्याच्यासाठी काही करावं लागत नाही. म्हणून आपण डाव्याशीच बसू.

डावा कप्पा सगळ्या शरीराला रक्त देतो. त्याचं आकसणं काही शतांश सेकंदांनी लांबलं तर माणसाला कळतं का? नाही कळत. बोट अजून मनगटावर असेल तर बघा, या नाडीवरून फाटा उघडा की बंद हे कुणालाच सांगता येणार नाही. कित्येकांना वर्षानुवर्षं पत्ता नसतो. कागद निघतो त्या दिवशी माणूस आजारी पडतो, आदल्या दिवशी तो शेतात हळद शिजवत होता.

आता पाव्हण्यांच्या फोनकडे येऊ. हृदयात दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. एक इशाऱ्याच्या वाटांची, आणि दुसरी खुद्द हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची. मेव्हण्याला स्प्रिंगा टाकल्या त्या दुसऱ्या व्यवस्थेत, चरबी साचून अरुंद झालेल्या धमनीत. तुमच्या कागदावरचा ब्लॉक पहिल्या व्यवस्थेतला आहे. त्यात स्प्रिंग टाकत नाहीत. टाकायला तिथं नळीच नाही. घरच्यांना एवढं एक वाक्य नीट समजावलंत तरी निम्मी घबराट उतरते. डॉक्टरांनी ते दारातच सांगायला हवं. फार थोडे सांगतात.

उरलेली निम्मी मात्र खरी आहे. कारण डावा फाटा बऱ्याचदा उगाच बंद पडत नाही. वर्षानुवर्षांचं चढं बीपी, जाड झालेली किंवा पसरलेली हृदयाची भिंत, अरुंद धमन्या, कमजोर झालेला स्नायू, यांपैकी काहीतरी त्याच्या मागे उभं असू शकतं. आणि काहीच नसूही शकतं.

या "असू शकतं" आणि "नसूही शकतं" यांच्यामध्ये थोडा वेळ काढा. अवघड जागा आहे, पण सगळा विषय इथंच आहे.

अमेरिकी हवाई दलाच्या वैमानिक-कर्मचाऱ्यांचा एक पाठपुरावा १९७५ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तपासणीत उजवा फाटा बंद सापडलेले ३९४ आणि डावा बंद सापडलेले १२५ जण. बहुतेक धडधाकट, कमी वयाचे. पुढच्या वर्षांत त्यांतल्या बहुतेकांचं फारसं काही बिघडलं नाही. चारच वर्षांनी, १९७९ साली, मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावातून दुसरा अहवाल आला. या गावात १९४८ पासून पाच हजारांवर स्त्री-पुरुषांच्या हृदयाची नोंद ठेवली जात होती. अठरा वर्षांत तिथं ५५ जणांचा डावा फाटा नव्यानं बंद पडला, सरासरी वय ६२. फाटा बंद पडण्याआधीच त्यांच्यातल्या बहुतेकांना बीपी, मोठं झालेलं हृदय किंवा धमन्यांचा आजार होता. त्यांतले निम्मे दहा वर्षांच्या आत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं गेले.

पट्टीवरची खूण एकच. एका गटात ती निरुपद्रवी, दुसऱ्यात गंभीर. खुणेकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी आपण कोणत्या गटातले हे ती सांगत नाही. तिच्यासोबत आणखी काय आहे, ते शोधावं लागतं. यंत्रानं छापलेला शब्द म्हणजे निकाल असं समजून रात्र काढलीत, तिथं गाडी चुकली. त्यात तुमचा दोष नाही, कागदावरच्या इंग्रजीचा धाकच तसा असतो. एक जाता जाता सांगतो, यंत्राचं ते आपोआप वाचन कधी कधी चुकतंही. पट्टी डॉक्टरच्या डोळ्यांनी वाचून घ्यावी.

मग शोधायचं कसं? हृदय विसाव्यात असताना अरुंद धमनीही बऱ्याचदा काम भागवते. उणीव दिसते ती मागणी वाढल्यावर. म्हणून हृदयाला मुद्दाम कामाला लावून बघायचं. सिॲटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली मांडलेली पद्धत अजून चालते: सरकत्या पट्ट्यावर चाला, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. त्याला आपल्याकडे टीएमटी म्हणतात. साठीच्या माणसाचे ठोके मिनिटाला साधारण १३६ पर्यंत न्यायचे आणि त्या वेळचा ईसीजी बघायचा.

पण तुमच्या बाबतीत इथंच अडतं. धमनीतली उणीव ईसीजीवर ज्या भागात उमटते, नेमका तोच भाग डावा फाटा बंद असल्यानं आधीपासून वाकडातिकडा झालेला असतो. चालण्यापूर्वीही वाकडा, चालल्यावरही वाकडा. पट्टी मुकी होते. म्हणून नुसत्या पट्टीवर भागत नाही, हृदयाचं चित्र काढावं लागतं. डावा फाटा बंद असलेल्या माणसाला कुणी साध्या टीएमटीवरून "सगळं नॉर्मल" किंवा "धमनी अडलीय" असं सांगितलं, तर शांतपणे विचारा की चित्र काढायचं का.

चित्राचे प्रकार अनेक. स्ट्रेस इकोमध्ये ध्वनिलहरींनी भिंतीची हालचाल बघतात. ती पद्धत सोयीची, पण फाटा बंद असताना मधला पडदा मुळातच विचित्र हलतो, त्यामुळे बघणारा डोळा मुरलेला लागतो. एमआरआयही होतो. आपण जरा थांबू ते किरणोत्सर्गी औषध देऊन काढलेल्या चित्रापाशी, कारण मनन करण्याजोगं त्यात खूप आहे.

टेक्नेशियम नावाचं मूलद्रव्य एका वाहक औषधाला जोडून शिरेतून देतात. ते रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जातं, जिथं रक्त भरपूर तिथं भरपूर, जिथं कमी तिथं कमी, आणि पेशींत शिरून तिथंच राहतं. औषध देतात ते ताण शिगेला पोचलेला असताना. चित्र काढतात ते नंतर, माणूस निवांत पडलेला असताना, अर्ध्या-पाऊण तासानं किंवा तासानं. तरी चित्रात दिसतो तो मघाचा क्षण. ताणाच्या वेळी कुठल्या कोपऱ्याला रक्त मिळालं आणि कुठल्या नाही, याची नोंद स्नायूनं स्वतःत धरून ठेवलेली असते.

हे जरा मनात मुरू द्या. आपण दमतो, विसावतो, विसरतो. पेशींत मात्र त्या चढाची नोंद अजून असते.

टेक्नेशियमचा निम्मा जोर दर सहा तासांनी संपतो. दुसऱ्या दिवशी सोळावा हिस्सा उरतो, म्हणून त्याची भीती बाळगायचं कारण नाही. पण म्हणूनच ते साठवून ठेवता येत नाही. ज्या मॉलिब्डेनमपासून ते मिळतं त्याचा निम्मा जोरही तीनेक दिवसांत जातो. पुरवठा सतत ताजा लागतो, आणि ही सोय मोठ्या शहरांनाच धरून राहते. महाराष्ट्रात या विद्येचं जुनं घर मुंबईच्या परळमध्ये आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर तिथं १९६३ साली सुरू झालं. वारंग्याच्या माणसाला या चित्रासाठी लांब जावं लागू शकतं. डॉक्टर जवळच्या स्ट्रेस इकोवर भागवायला बघत असतील तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका. हाताशी असलेली, नीट वाचली गेलेली तपासणी लांबच्या तपासणीपेक्षा बरी.

डाव्या फाट्याची आणखी एक गंमत आहे, आणि तिची आठवण तुम्ही तपासणी करणाऱ्या माणसाला करून द्यावी इतकी ती महत्त्वाची आहे. अशा माणसाला पट्ट्यावर पळवून ठोके वाढवले, की मधल्या पडद्याला रक्त भरून घ्यायला उसंत कमी मिळते. त्याची धमनी उघडी असूनही चित्रात पडद्याजागी उणीव दिसते. खोटी उणीव. त्यावरून कुणी विनाकारण अँजिओग्राफीच्या टेबलावर गेलेलं असतं. म्हणून अशा वेळी चालवण्याऐवजी ॲडेनोसिनसारखं, धमन्या रुंदावणारं औषध देतात. त्यानं ठोके फारसे न वाढता रक्तप्रवाह वाढतो, आणि अरुंद धमनी मागे पडलेली दिसते. दमा असेल तर मात्र आधीच सांगायचं, या औषधानं श्वासनळ्या आवळू शकतात. आणि चहा-कॉफी तपासणीआधी १२ ते २४ तास पूर्ण बंद. चहातलं कॅफिन या औषधाला काम करू देत नाही. त्या दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात गरम खिचडी समोर आली आणि मागोमाग चहाही आला, तर चहा परत पाठवायचा. तपासणी फुकट जाण्याचं इतकं साधं कारण दुसरं नसेल.

पुन्हा नाडीवर बोट ठेवा. श्वास घ्या, सोडा. चित्र निघालंय असं समजा. आता प्रश्न पुढचा, म्हणजे पुढं काय होणार.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं १९९८ साली नेमका हाच प्रश्न घेऊन डावा फाटा बंद असलेल्या २४५ रुग्णांचा अभ्यास छापला. सगळ्यांना औषधानं ताण देऊन चित्रं काढली होती. ज्यांच्या चित्रात मोठी गडबड होती त्यांच्यातले तीन वर्षांनंतर हयात होते शंभरात ५७. ज्यांचं चित्र स्वच्छ किंवा किरकोळ दोषाचं होतं त्यांच्यातले ८७. आणि या दुसऱ्या गटाचं आयुर्मान त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा ठळकपणे वेगळं नव्हतं.

आकडे मोठ्यानं वाचा. ८७. ५७. आता प्रत्येक आकड्याची दुसरी बाजू वाचा. चांगल्या चित्राच्या शंभरांतले तेरा गेले. वाईट चित्राच्या शंभरांतले सत्तावन्न राहिले.

हे आकडे शंभर माणसांचे आहेत, तुमचे नाहीत. तुम्ही सत्याऐंशी टक्के जिवंत राहणार नाही. तुम्ही असाल किंवा नसाल. चित्र एवढंच सांगतं की तुमच्यासारख्यांचा कोणता घोळका तुमच्या जास्त जवळचा आहे. हे कमी वाटेल. पण पट्टीवरच्या खुणेनं वैमानिक आणि फ्रेमिंगहॅमकर एकाच ओळीत उभे केले होते. चित्रानं त्यांना वेगळं केलं. पैसे, प्रवास आणि चहाचा उपास यांच्या बदल्यात मिळतं ते हे, आणि माझ्या मते सौदा चांगला आहे.

फाट्याचं काही नसलेल्या सर्वसाधारण रुग्णांत ताणाखालचं चित्र स्वच्छ आलं, तर हार्ट अटॅक किंवा हृदयविकारानं मृत्यू यांचं प्रमाण वर्षाला शंभरात एकाहून कमी असतं. पण तेही कायमचं नाही. २००३ साली अमेरिकी संशोधकांनी अशा स्वच्छ चित्रांची वॉरंटी किती काळाची, असा थेट प्रश्न घेऊन सात हजारांवर लोकांचा मागोवा घेतला. वय जास्त, मधुमेह असलेला, चालता येत नाही म्हणून औषधानं ताण द्यावा लागलेला, अशांची वॉरंटी लवकर संपते. तेव्हा तीन वर्षांपूर्वीचा स्वच्छ अहवाल घेऊन आज निर्धास्त राहता येत नाही, विशेषतः शुगर असेल तर.

चित्र वाईट आलं, असंही मनाशी धरून बघा. टाळू नका. आता श्वास लांब सोडा.

वाईट चित्र म्हणजे उद्याच स्प्रिंग, असा सरसकट हिशेब नाही. भारतासह ३७ देशांत झालेली आणि २०२० साली प्रसिद्ध झालेली इस्केमिया नावाची चाचणी बघा. ताणाच्या तपासणीत मध्यम किंवा गंभीर उणीव दिसलेल्या पाच हजारांवर स्थिर रुग्णांपैकी निम्म्यांना आधी अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट (म्हणजे तीच स्प्रिंग) किंवा बायपास, निम्म्यांना आधी औषधं. तीनेक वर्षांत मृत्यू आणि अटॅक यांत दोन्ही बाजूंत फरक पडला नाही. ज्यांना छातीत वारंवार दुखत होतं त्यांना स्टेंट-बायपासनं आराम जास्त मिळाला. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असलेले, फार कमजोर हृदयाचे आणि नुकताच अटॅक आलेले यांत नव्हते, त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांना विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरला विचारायला, घरी बोलायला वेळ असतो. "आजच ठरवा" असं कुणी घाई करत असेल, तर घाई कशासाठी हे विचारण्याचा तुमचा हक्क आहे.

कमजोर हृदय आणि बंद डावा फाटा एकत्र असले तर तिसरी वाट निघते. दोन्ही बाजूंना एकाच वेळी इशारा देणारा पेसमेकर बसवून उशिरा पोचणारा भाग वेळेवर आणता येतो. यंत्राची धास्ती वाटत असेल तर हे ऐका: पहिला पूर्णपणे शरीरात बसवलेला पेसमेकर १९५८ साली स्टॉकहोममध्ये अर्ने लार्सन यांना लावला. तो काही तासच चालला. पुढे बदलत बदलत वीसहून अधिक यंत्रं त्यांच्या अंगात आली-गेली, आणि ते २००१ पर्यंत जगले.

आता जरा मागे टेकून बसा. खांदे खाली सोडा, जबडा सैल सोडा. पापण्या जड झाल्या तर मिटू द्या, गाडीचा हॉर्न ऐकू येईलच.

परळच्याच केईएम रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवलं आणि त्याचे परिणाम १९६९ साली 'अँजिओलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. श्वासाकडे लक्ष देत निश्चल पडून राहण्याचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, हे मोजून मांडण्याचा तो सुरुवातीचा प्रयत्न, आणि आपल्या मातीतल्या डॉक्टरांचा. शवासनानं बंद फाटा उघडत नाही. असं सांगणाऱ्यापासून दूर राहा. पण फ्रेमिंगहॅमच्या लोकांत फाट्याच्या आधी बीपी आलं होतं, हे मघाशी वाचलंत. गोळी रोज घेऊन, मीठ कमी करून आणि दिवसातून वीस मिनिटं असं सैल बसून ते आटोक्यात ठेवणं, हे मोठ्या शहरात न जाता करता येतं.

आणि चालणं. कॅलिफोर्नियातल्या सहा हजारांवर पुरुषांच्या टीएमटीचा अभ्यास २००२ साली आला. त्यात असं दिसलं की माणूस पट्ट्यावर किती कष्ट सोसू शकतो, यावरून त्याच्या आयुष्याचा अंदाज बीपी, धूम्रपान किंवा मधुमेहाच्या नोंदीपेक्षाही चांगला बांधता येतो. बसून असताना शरीर जेवढी शक्ती खर्च करतं, तेवढी जास्तीची प्रत्येक पायरी चढता येत असेल तर तगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी वाढलेली. म्हणून नांदेडला डॉक्टर विचारतील, "चढावर दम लागतो का?" तेव्हा संकोचून "तसं काही नाही" म्हणू नका. गेल्या वर्षी बांधापर्यंत न थांबता जायचो, यंदा लिंबाखाली बसावं लागतं, असं नेमकं सांगा. चक्कर येऊन पडला असाल तर तेही सांगा, कारण फाटा बंद असताना चक्कर येऊन पडणं वेगळ्या तपासाचा विषय होतो.

आता कागद पिशवीतून काढा. हा कागद भीती घेऊन वाचलात, आता प्रश्न घेऊन वाचा. हा फाटा नवा बंद पडलाय की जुनाच बंद आहे, हा त्यातला पहिला प्रश्न. त्याचं उत्तर कुठलंही स्कॅन देत नाही, तुमचा आधीचा ईसीजीच देतो. तेव्हा नांदेडला निघताना घरातल्या ट्रंकेत, गादीखाली, जुन्या फायलीत पडलेला प्रत्येक ईसीजी बरोबर घ्या. ही पट्टी थर्मल कागदाची असते. उन्हानं, उबेनं काळवंडते, आणि काही वर्षांत रेघा उडून जातात. आजच झेरॉक्स काढा, आणि वर पेनानं तारीख लिहा.